कुरडयांचे राखणदार

सहादू साळवे सर शाळेत नोकरीला होते तेव्हा परीक्षेच्या वर्गावर पहारा देतानाही मुलांसाठी गोष्टी लिहीत. निवृत्तीनंतर त्यांनी इंदिरानगरच्या घरात लिहिण्यासाठी खास टेबल करून घेतलं आणि त्या दिवसापासून गोष्टी बंद पडल्या. चार वर्षं दिवाळी अंकात जुन्याच गोष्टी नवी नावं देऊन निभावल्या. यंदा मात्र मे महिन्यातच संपादक स्नेहाताईंचा फोन आला.

"सर, हत्तीची गोष्ट तिसऱ्यांदा नको. शनिवारपर्यंत नवी द्या. नाहीतर तुमचं पान दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल."

वीस वर्षं ते पान सरांचं होतं. सर हबकले आणि लगेच टेबलाशी बसले. कूलर लावला की कागद खोलीभर उडत. बंद केला की नाकावरचा घाम टपकन अक्षरावर पडे. सोमवार असाच गेला. मंगळवारी सरांनी खुर्ची उचलली आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडली.

"वर बसताच आहात, तर माझ्या कुरडयांवर लक्ष ठेवा," सरांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या.

"अगं, मी लिहायला चाललोय."

"मग लिहा की! कावळे हाकलायला हात लागतो, डोकं थोडंच लागतं?"

बुधवारी शेजारच्या उज्वलाने साबुदाण्याचे पापड आणले. "काका आहेत म्हणजे चिंताच नाही!" गुरुवारी तळमजल्यावरच्या बायडाबाई सांडग्यांचं ताट घेऊन धापा टाकत वर आल्या. "गुरुजी, आमचं बी बघा बरं. तुमी काय, बसलेलेच हाये."

चाळीस वर्षांची सवय, सरांना जबाबदारी टाळता येईना. कावळा उतरला की ते ओरडत, "ए शेवटच्या बाकावरच्या, जागेवर बस!" दोन दिवसांत त्यांना कावळे चेहऱ्यावरून ओळखू येऊ लागले. कागदावर मात्र तारखेशिवाय काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी काय झालं कोण जाणे, गोष्ट आली. एका आळशी खारीची गोष्ट. सरांनी मान खाली घातली ती थेट अकरा पानं झाल्यावर वर काढली. समोर कठड्यावर कावळे ओळीने बसले होते, मधल्या सुट्टीत डबा खावा तसे. प्रत्येकाच्या चोचीत काही ना काही होतं. गच्ची स्वच्छ होती.

पाच मिनिटांत तिघी जणी वर हजर झाल्या.

"काका, तुम्ही करत काय होतात?"

"लिहीत होतो."

"लिहीत?" उज्वलाला खरंच धक्का बसला. "अहो, तुम्ही लिहीत नाही म्हणून तर तुमच्या भरवशावर ठेवले होते!"

"चार वरसं लिवलं नाय," बायडाबाई रिकामं ताट बघत म्हणाल्या, "आन आजच कसं काय सुचलं गुरुजी?"

सरांनी आशेने बायकोकडे पाहिलं. लताबाई म्हणाल्या, "निदान मला तरी सांगायचं, आज लिहिणार आहे म्हणून. मी येऊन बसले असते."

शनिवारी गोष्ट पोचली. संध्याकाळी स्नेहाताईंचा फोन. "सर, झकास! पान तुमचंच. आणखी एक द्याल का?"

रविवारी सर कोरे कागद घेऊन ऐटीत गच्चीवर गेले आणि दारातच थबकले. सगळीकडे पुन्हा कुरडया, पापड, सांडगे पसरलेले. रस्त्याकडच्या कठड्याशी त्यांच्या खुर्चीवर त्यांचाच जुना सदरा, वर उपडा घातलेला माठ, माठावर त्यांचा काडी मोडलेला चष्मा, खिशाला पेन, मांडीवर वही. बाही वाऱ्याने हलत होती. आसपास एकही कावळा नव्हता.

खालून रस्त्यावरून उज्वलाच्या नवऱ्याने, राजूने, कौतुकाने हाक दिली, "वा काका! आज लिखाण जोरात दिसतंय!"

सर उत्तर देणार, तेवढ्यात मागून लताबाईंनी त्यांचा दंड धरला.

"अहो, खाली चला बघू," त्या कुजबुजल्या, "त्यांना काम करू द्या."