दोन नंबरची डिस्क

"आपल्या मशीनला कुठल्याबी मुलखाची डिस्क टाका, चालणार म्हंजी चालणार," असं साहेबराव महिनाभर गल्लीत सांगत होता. कुणी विचारलेलं नसतानाही सांगत होता.

दोन हजार चार सालची गोष्ट. साहेबराव राहायला अंबडला आणि नोकरीला जालन्याच्या एमआयडीसीत, सळया बनवणाऱ्या एका मिलच्या टाइम ऑफिसात. काम हजेरीची कार्डं तपासायचं, पण गल्लीत त्याचा मान इंजिनिअरचा. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, कुणाचा मिक्सर अडला, की हाक साहेबरावलाच. तो पेचकस घेऊन निघायचा. दहातल्या चार वस्तू दुरुस्त व्हायच्या आणि उरलेल्या सहांबद्दल तो गंभीर चेहरा करून सांगायचा, की कंपनीचा मालच खराब आहे. अशा माणसाच्या घरात गल्लीतला पहिला डीव्हीडी प्लेअर आला, तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकायचे बंद झाले यात नवल नाही.

शेजारी तुळजाबाई राहायची. नवरा मागेच गेलेला, एकुलता एक मुलगा भुजंग चार वर्षांपूर्वी वेल्डर म्हणून दुबईला गेला तो परत आलाच नव्हता. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्याचा फोन साहेबरावच्या घरी यायचा आणि तुळजाबाई हातातलं काम टाकून धावत यायची. असाच एकदा फोन आला आणि भुजंगनं सांगितलं, की तो ज्या इमारतीवर काम करतो तिच्यावर कुणी गोऱ्यांनी फिल्म काढली आहे. तिकडच्या दुकानांत तिची डिस्क विकायला आहे आणि तिच्यात तोही आहे, चार-पाच सेकंद. एक डिस्क त्यानं गावाकडं निघालेल्या जालन्याच्या एका सोबत्याजवळ पाठवली होती. पण त्या पठ्ठ्यानं येताना आणलेल्या सगळ्या डिस्का एकगठ्ठा जालन्यातल्या अण्णासाहेबांच्या, डिस्का भाड्यानं देणाऱ्या लायब्ररीला विकल्या आणि त्यात तीही गेली. आता स्वतःच्या मुलाला बघायचं तर आईनं त्याला भाड्यानं आणायचं, अशी वेळ आली होती.

तुळजाबाईनं फोन ठेवला आणि साहेबरावला विचारलं, "फोटो हायेत माझ्याकडं. यात त्यो हालताना दिसंल का रे?"

"हालताना दिसंल, मावशी. रविवारी दोन वाजता या. तुमच्या भावालाबी बोलवा."

बोलावणं तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण शनिवार उजाडेपर्यंत साहेबरावनं सगळ्या गल्लीला आवतण दिलं होतं. दुबई दाखवतो म्हणाला.

शनिवारी ड्यूटी सुटल्यावर तो अण्णासाहेबांच्या लायब्ररीत गेला, डिपॉझिट म्हणून मिलचं ओळखपत्र ठेवलं आणि डिस्क घेऊन घरी आला. बायकोला, बेबीनंदाला, समोर बसवून त्यानं डिस्क मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर पृथ्वीचा गोळा आला, त्याच्यावर दोनचा आकडा आला आणि खाली इंग्रजीत एक ओळ आली. गोळा तिथंच थांबला. साहेबरावनं डिस्क काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा टाकली. पुन्हा गोळा.

"काय लिहलंय?" बेबीनंदानं विचारलं.

"थांबा म्हनलंय," साहेबराव म्हणाला. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी सातलाच त्यानं मोटरसायकल जालन्याकडं काढली. अण्णासाहेब दुकान झाडत होते. त्यांनी डिस्क उलटीसुलटी करून बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ही दोन नंबरची हाय."

साहेबरावनं दाराकडं बघून आवाज उतरवला. "म्हंजी चोरीची?"

अण्णासाहेब हसले. मग त्यांनी त्याला बाकावर बसवून सगळं समजावलं. डिस्का काढणाऱ्या कंपन्यांनी म्हणे जग सहा तुकड्यांत वाटून घेतलंय. अमेरिका एक नंबर, दुबईकडचा मुलूख दोन नंबर, आपण पाच नंबर. दोनची डिस्क पाचच्या मशीनला दिली, तर मशीन तिला ओळख देत नाही. जुन्या व्हीसीडीला असला नंबर नसतो, ती कुठंही चालते. भानगड सगळी या डीव्हीडीची. आणि मग अण्णासाहेबांनी सरळ, साधा, कुणाचंही नुकसान न करणारा उपाय सांगितला, "माझ्या दुकानातलं मशीन सगळ्या नंबराचं हाय. बाईला हितंच घेऊन या, पाच मिनिटांत दाखवतो."

साहेबराव हो म्हणाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच्या डोळ्यांपुढं गल्ली आली. महिनाभर मिरवलेलं मशीन आपल्या घरात आणि दुबई जालन्याच्या दुकानात, हे त्याला सोसेना. दुसरा काही इलाज आहे का, असं त्यानं विचारलं. अण्णासाहेबांनी नाइलाजानं एका चिठ्ठीवर रिमोटची बटणं दाबायचा क्रम लिहून दिला. त्यानं मशीनचा नंबर बदलता येतो, पण ठरावीक वेळाच, पुढं मशीन कायमचं कुलूप लावून घेतं, तेव्हा जपून, असं दोनदा बजावलं.

साहेबरावनं जपूनच सुरुवात केली. पहिल्यांदा घाईत एकवर थांबला. दुसऱ्यांदा सहावर. मग बेबीनंदानं विचारलं, की आपल्या डिस्का आता चालतील का, म्हणून खात्रीला पाचवर आणून बघितलं. चौथ्यांदा दोनवर न्यायला निघाला, तेवढ्यात दाराशी तुळजाबाईचा भाऊ कारभारी, अंतरवालीहून टेम्पोनं आलेला, "राम राम पाव्हनं" म्हणाला, आणि साहेबरावचं बोट तीनवर पडलं. मशीननं तीन धरलं ते धरलंच. आता त्याला दुबईही चालेना आणि हिंदुस्थानही. तीन नंबरचा मुलूख कोणता, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दीड वाजला होता. अंगणात चपलांचा ढीग पडला होता. तुळजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं बसली होती आणि टीव्ही बंद असूनही त्याच्याकडंच बघत होती. या घटकेला साहेबरावनं नुसतं "मशीन बिघडलं" म्हणायचं होतं. दोन शब्द. तेवढे सोडून तो बाकी सगळं करायला तयार होता.

त्याला आठवली ती मिलची व्हीसीडी, जिला नंबरच नव्हता. कामगारांना दाखवायची सुरक्षेची फिल्म. ती ऑफिसच्या पिशवीतच होती. तिच्यात उंच इमारत होती, बांबूंच्या परांच्या होत्या आणि तोंडाला मुखवटा लावलेले वेल्डर होते. मुखवट्याआड कोण आहे हे कुणाला कळणार? मिलमध्ये त्यानं ती दोनदा बघितली होती. म्हणजे पहिली पाच मिनिटं बघितली होती. जेवणानंतर दाखवायचे, त्यामुळं पुढं त्याचा डोळा लागायचा.

त्यानं आवाज पूर्ण बंद केला, इंग्रजी आहे, कुणाला समजणार नाही म्हणाला, आणि व्हीसीडी लावली. पडद्यावर इमारत आली. गल्लीनं एकदम श्वास घेतला. कारभारी बराच वेळ निरखून म्हणाला, "दुबईत बी बाभळी असत्यात?"

"लावल्यात त्यांनी," साहेबराव म्हणाला.

मग परांचीवर, उंच, एक वेल्डर दिसला. साहेबराव म्हणाला, "त्यो बघा, मावशी. भुजंग."

 तुळजाबाई गुडघ्यांवर सरकत टीव्हीजवळ गेली आणि पडद्यावर, त्या मुखवट्यावर, पालथा हात ठेवला. तिचे डोळे भरून वाहायला लागले. गल्लीतल्या बायकाही पदर डोळ्यांना लावायला लागल्या. साहेबरावला वाटलं, जमलं. वाईटही वाटलं, पण जमलं असंच आधी वाटलं, हे तो पुढं स्वतःशी कबूल करायचा आणि दर वेळी त्याचे कान तापायचे.

तेवढ्यात तुळजाबाईच्या हाताखालचा वेल्डर परांचीवरून घसरला आणि सहा मजले खाली पडला.

 तुळजाबाईनं जो टाहो फोडला, तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कोर्टापर्यंत ऐकू गेला असेल. पडद्यावर ॲम्ब्युलन्स आली. बायका उठल्या, कुणी तिला धरलं, कुणी पाणी आणलं. साहेबराव घामाघूम होऊन तिच्यापुढं बसला.

"मावशी, ऐका. त्यो भुजंग न्हाई."

कारभारी त्याच्याकडं वळला. "आत्ता तर तूच म्हनला, भुजंग हाय म्हनून."

"म्या खोटं बोललो."

"कव्हा? आधी का आता?"

याचं उत्तर साहेबरावला देता येईना आणि ते न देणंच त्याला भोवलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, की फोन याच्याच घरी येतो, याला शुक्रवारीच कळलेलं असणार. दुसऱ्यानं भर घातली, की पाव्हण्याला अंतरवालीहून उगाच नाही बोलावलं. झालं. बघता बघता सगळ्या गल्लीची खात्री पटली, की भुजंग गेल्याची बातमी सांगायचा धीर होत नव्हता म्हणून साहेबरावनं हा डिस्कचा घाट घातला. तो जितक्या शपथा घेई, तितकी लोकांना त्याची कीव येई. एक म्हातारा तर त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, की तू तरी किती दिवस पोटात ठेवणार. कारभारी दुबईला फोन लावायला उठला, पण रविवार म्हणजे तिकडं कामाचा दिवस. भुजंग त्या घटकेला खरोखरच कुठंतरी उंचावर होता. हे ध्यानात आल्यावर तुळजाबाई आणखीच रडायला लागली.

शेवटी बेबीनंदानं नवऱ्याच्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज पूर्ण वाढवला.

"कामगार बंधूंनो," टीव्ही स्वच्छ मराठीत म्हणाला, "पट्टा न बांधता उंचावर चढणाऱ्याचं काय होतं ते आपण पाहिलं. सुदैवानं हे बाहुलं होतं." आणि पडद्यावर दोन माणसं एका निळ्या डगल्यात भुसा भरताना दिसली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर साहेबरावला ते परवडलं असतं. एकेक जण उठला, आपली चप्पल शोधली आणि गेला. पाठीवरून हात फिरवणारा म्हातारा जाताना त्याच्याकडं न बघता गेला. कारभारी दारात उभा होता.

तुळजाबाईनं तोंड पुसलं. "मंग माझा भुजंग कुठं हाय?"

"डिस्कमधी हाय, मावशी. पर ती आपल्या मशीनला चालली न्हाई."

"मंग तसं सांगायचं व्हतं की रे," ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्याला वाट चुकल्यावर सांगावं तसं.

शुक्रवारी भुजंगचा फोन आला तेव्हा साहेबराव मागच्या दारानं बाहेर जाऊन उभा राहिला. पण तुळजाबाईनं त्याच्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तिनं मुलाला फक्त एवढंच विचारलं, की वर चढताना पट्टा बांधतो का. भुजंग बांधतो म्हणाला. तिनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

रविवारी सकाळी साहेबरावनं तिला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि जालन्याला नेलं. अण्णासाहेबांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना थोडं थांबवलं, तिला खुर्ची दिली आणि ती दोन नंबरची डिस्क लावली. या वेळी गोळा आला नाही, सरळ समुद्र आला. मग वाळू, क्रेन आणि मग एक इमारत, जिच्यापुढं मिलच्या फिल्ममधली इमारत गोठ्यासारखी वाटावी. पंधरा-वीस मिनिटांनी परांचीवर चार वेल्डर ओळीनं बसलेले दिसले. चौघांच्या तोंडाला मुखवटे. चार-पाच सेकंदच, आणि चित्र बदललं. तुळजाबाई खुर्चीतून अर्धी उठली. अण्णासाहेबांनी चित्र मागं नेलं आणि तिथंच थांबवलं.

गिऱ्हाइकं पुढं सरकली. यातला तुमचा कोणता, असं एकानं विचारलं. साहेबरावला भुजंगचे खांदे ओळखीचे वाटले, डावीकडून दुसरा, अगदी नक्की, आणि सवयीनं त्यानं तोंड उघडलं.

तुळजाबाईनं पडद्यावरची नजर न काढता त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तू नको सांगू, बाबा," ती म्हणाली. "मी बघते."