वाटीवरचा कॅमेरा

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. बत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले तराजूचे काटे तपासण्यात गेली, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव देऊन टाकलं होतं. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी हातांना चैन पडत नव्हतं. घरातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवून झाली. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. आपला कप आपण विसळून ओट्यावर पालथा घालायची जुनी सवय होती, पण त्यात असा कितीसा वेळ जाणार? मग एका सकाळी त्यांचं लक्ष मागच्या अंगणातल्या वाटीकडे गेलं.

ती वाटी अकरा वर्षं तिथं होती. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, रोज संध्याकाळी दुधात पाव कुस्करून, वर केळ्याचे दोन काप ठेवून ती वाटी मागच्या भिंतीपाशी नेऊन ठेवत. सकाळी वाटी रिकामी दिसली की हात जोडत आणि मगच चहाचं आधण चढवत. हा त्यांचा नेम. खाणारं कोण, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरात त्याचा उल्लेख ‘पाहुणा’ असा होई, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

साहेबांचं भागेना. निदान कोण खातं ते तरी कळायला नको का, असं त्यांनी विचारलं.

“जेवायला बसलेल्याच्या तोंडावर कुणी उजेड पाडून बघतं का?” काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण शेजारी दातांचे डॉक्टर राहत होते. त्यांनी भिंतीवरून वाटी मागून घेतली, तिची कड चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि दातांच्या खुणांवरून ही घूस आहे असा निकाल दिला. साहेबांना ते फार लागलं. अकरा वर्षं आपल्या घरचं दूध घुशीनं प्यावं? त्यांच्या मते ते उदमांजर होतं. चांगल्या घरचं उदमांजर. डॉक्टर म्हणाले, दाखवा. साहेब म्हणाले, दाखवतो.

कॅमेऱ्याच्या दुकानात जाताना साहेबांनी स्वतःची मोजपट्टी बरोबर नेली. रानातल्या जनावरांसाठीचे कॅमेरे वेगळे असतात, समोरून ऊबदार काही हललं की ते आपोआप फोटो काढतात, हे दुकानातल्या मुलीनं समजावून सांगितलं. मग तिनं विचारलं, “काका, प्राणी कोणता आहे?”

“ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?”

तिनं न चिडता दोन कॅमेरे पुढे ठेवले. एकाचे दिवे फोटो काढताना मंद लाल दिसत आणि त्याचा पल्ला ऐंशी फूट होता. दुसऱ्याचे दिवे अजिबात दिसत नसत, पण पल्ला पन्नासच फूट. अंगण अठरा फुटांचं होतं. साहेबांनी ऐंशीचा घेतला. कमी मापाची वस्तू घ्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर येई.

कॅमेरा नीट लागला की नाही हे पाहायला प्राण्याच्या उंचीनं समोरून चालून बघा, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. साहेब लिहिलेलं पाळणारे. भर दुपारी ते अंगणात हातापायांवर रांगले. एकदा उदमांजराच्या चालीनं, आणि न्याय म्हणून एकदा घुशीच्या. भिंतीपलीकडून डॉक्टरांनी काही हरवलंय का, की पाठ धरली, अशी आपुलकीनं चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डावर फोटो निघाले एक हजार चारशे. सगळे दोरीवरच्या टॉवेलचे. उन्हानं तापलेला टॉवेल संध्याकाळभर वाऱ्यावर हलत राहिला होता आणि कॅमेऱ्यानं त्याला मान दिला होता. ते चाललं असतं. पण वाटी भरलेली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

काकूंनी वाटी उचलून आत आणली, आणि चहाचं भांडं फळीवरच राहिलं.

“आज पाहुणा जेवला नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घ्या की करून. मला काही होत नाही.”

बायको समोर तशीच बसलेली असताना एकट्यानं चहा पिणं साहेबांना जमलं नाही. दुपारपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं. काकूंचं डोकं दुखत होतं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि साहेबांना तेच जास्त जड गेलं. टॉवेल काढून टाकला तरी पुढच्या दिवशीही वाटी भरलेलीच. तेव्हा ते कॅमेरा घेऊन दुकानात गेले.

“लाल उजेड काही प्राण्यांना दिसतो, काका,” मुलगी म्हणाली. “म्हणून तर मी विचारलं होतं, प्राणी कोणता.” तिनं दुसरा कॅमेरा बदलून दिला आणि वर सांगितलं की एकदा बुजलेलं जनावर सरावायला आठवडा लागतो, कधी दोन.

दोन आठवडे बिनचहाचे! साहेब घरी येईपर्यंत हिशेब करत राहिले. कॅमेरा काढून टाकला असता तर प्रश्न तिथंच मिटला असता. पण मग घूस जन्मभर चिकटली असती.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते गुपचूप मागच्या दारी गेले. वाटी भरलेलीच होती. भिंतीपलीकडे ओतून द्यावी असं आधी मनात आलं, पण हात वळेना. हे कुणाच्या तरी पोटात जायला हवं, असं काकू नेहमी म्हणत. बत्तीस वर्षं ज्यानं कुणाला काटा मारू दिला नाही, त्यानं बायकोच्या नेमात काटा मारायचा? साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं. कॅमेऱ्याची चिंता नव्हती. कार्ड त्यांच्याच हातात, फोटो पुसून टाकता येत होते.

त्या सकाळी चहा झाला. काकूंनी हात जोडले, आधण चढवलं आणि साहेबांच्या कपात रोजच्यापेक्षा थोडा जास्तच चहा ओतला.

मग हे रोजचंच झालं. गंमत म्हणजे दुधात मुरलेला गार पाव त्यांना आवडायला लागला. दुसऱ्या खेपेपासून तर त्यात साखर लागली आणि केळ्याचे काप चार झाले. पाहुण्याची एवढी बडदास्त असते आणि आपल्याला अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, याचं त्यांना किंचित वाईटही वाटलं.

रविवारी ते फोटो पुसायला बसले आणि शेवटच्या फोटोशी थांबले. फोटोत ते स्वतः होते, तोंड भरलेलं, हातात वाटी. आणि त्यांच्या खांद्यामागे, भिंतीवर, दोन डोळे चमकत होते. खाली लांबट तोंड, मागे लांब झुपकेदार शेपूट. उदमांजर! आपली वाटी दुसराच कुणी खातोय हे ते निमूट बघत बसलं होतं.

फोटो पुसावा तर डॉक्टर जिंकणार. दाखवावा तर काकूंना कळणार. साहेबांनी बराच विचार केला आणि फोटो मोबाइलवर घेऊन, आपल्या अर्ध्या भागावर अंगठा ठेवून, तो डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर चहाला आले होते. काकू कप घेऊन येतच होत्या.

“शेपूट दिसतंय खरं,” डॉक्टर म्हणाले. “हरलो मी. पण अंगठ्याखाली काय आहे?”

“काही नाही. झुडूप.”

“काढा की अंगठा.”

अंगठा निघाला. डॉक्टरांनी मोबाइल जवळ घेऊन पाहिला. “या दुसऱ्या प्राण्याला मी ओळखतो, वहिनी,” ते म्हणाले. “याची वरची डावी दाढ मीच भरलीय.”

काकूंनी फोटो पाहिला. साहेब मान खाली घालून म्हणाले, “तुझा नेम मोडला मी.”

“कुठं मोडला?” काकूंनी त्यांच्यापुढे कप ठेवला. “कोण खाईल ते मी कधी ठरवलं होतं? भुकेल्या पोटी जावं, एवढंच तर होतं. आणि मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“कसं?”

“अकरा वर्षांत पाहुण्यानं वाटी विसळून पालथी घातली नव्हती हो कधी.” त्या हलकेच हसल्या. “साखर काय त्याच्यासाठी घालत होते मी?”

कॅमेरा डॉक्टर मागून घेऊन गेले; भिंत अर्धी त्यांचीही होती. त्या संध्याकाळी काकूंनी दोन वाट्या भरल्या, एक साखरेची, एक बिनसाखरेची. सकाळी एक भिंतीपाशी रिकामी होऊन कलंडलेली मिळाली. दुसरी ओट्यावर होती, विसळून पालथी घातलेली. काकूंनी दोन्हींकडे पाहून हात जोडले आणि आधण चढवलं.