विष्णुपंतांचा पुरावा

"व्याकरण शिकवावं लागतच नाही! माणूस ते जन्मताच घेऊन येतो!"

जन्मभर कुंडलच्या शाळेत मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या विष्णुपंतांनी हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पत्नीच्या, गोदावरीबाईंच्या हातातलं लाटणंच थांबलं. पण पंतांकडे पुरावा होता! नात भार्गवी, वय वर्षं तीन. ती 'मी केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणायची.

"घरात कुणी 'करलं' म्हणतं का? नाही! बसलं, हसलं, तसंच करलं! नियम पोरीनं स्वतः शोधला! ती चुकते, हाच पुरावा!"

सांगलीच्या एका वाचनालयात पंतांचं व्याख्यान ठरलं. भार्गवी स्टेजवर बोलणार, एवढंच सूनबाईंच्या, अश्लेषाच्या कानावर आलं. चारचौघांत पोरगी 'करलं' म्हणणार? तिनं साताऱ्याचे कंदी पेढे आणले आणि दार लावून तालीम सुरू केली. 'केलं' म्हटलं की पेढा!

व्याख्यानाला सभागृह गच्च भरलं. कुंडलहून पंतांचे जुने विद्यार्थीही आले होते. पंतांनी भार्गवीला टेबलावर उभं केलं, तिनं काढलेला हत्ती उंच धरला आणि विचारलं, "हे कुणी गं?"

"मी केलं!"

टाळ्या! पंतांनी हत्ती आणखी उंच धरला.

"नीट आठव, बाळा. घरी कसं म्हणतेस?"

"केलं!"

"अगं, चुकीचं बोल ना!" पंत ओरडले. "करलं म्हण, करलं!"

"आजोबा, करलं नाही, केलं!" म्हणत भार्गवीनं पेढ्यासाठी हात पुढे केला.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अध्यक्ष गहिवरले. "तीन वर्षांच्या मुलीच्या तोंडी इतकं शुद्ध मराठी! गुरुजींचं म्हणणं सिद्ध झालं!"

"नाही झालं!" पंत टेबलावर मूठ आपटत होते. "उलट झालंय! ही बरोबर बोलली, म्हणजे मी चुकलो!"

"केवढा हा विनय!" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी शाल मागवली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुंडलचे निवृत्त सुभेदार मानसिंग उठले.

"गुरुजी, याकरन जल्मताच येतंय, हे मला लय पटलं बघा. मग 'मी'च्या जागी 'म्या' म्हटलं म्हणून आमाला छड्या कशाबद्दल वो मारल्यासा?"

त्यांच्यापाठोपाठ अख्खी रांग तळहात चोळत उभी राहिली.

विष्णुपंतांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला केव्हाच रिकामा झाला, तरी ते पीतच राहिले.