शेवटचं कोण घेणार?

"तू काय बोललास म्हणे तिथे?" मार्लिसने हातातलं फडकं सिंकमध्ये टाकत विचारलं.

आर्विड दाराशी वाकून बूट काढत होता. बुटांना बर्फ चिकटला होता हे खरं, पण एवढा वेळ लागण्याइतका नव्हता.

"म्हटलं, चालेल."

"चालेल?"

"चालेल बहुधा, असं म्हटलं."

मार्लिस मटकन खुर्चीवर बसली. ओस्लुंड गावातलं छोटंसं वाचनालय ती कित्येक वर्षं सांभाळत होती. काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाराने, ते बंद करायचं घाटलं होतं आणि लोकांचं म्हणणं ऐकायला कमिशनर कर्टिस हॉगन आज चर्चच्या तळघरात आला होता. मार्लिस काउंटीची नोकर, तिला तिथे तोंड उघडायची मुभा नव्हती. म्हणून तिने नवऱ्याला पाठवलं होतं. 'आमचं वाचनालय बंद करू नका' हे एवढंच वाक्य तिने त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. आठवडाभर तो ते गोठ्यात गाईंना ऐकवत होता.

"अरे, पण झालं काय तुला?"

"तो एवढ्या लांबून आला होता गं, असल्या रस्त्यावरून. वर एल्व्हिनाच्या त्या बटाटा-मांसाच्या हॉटडिशचं कौतुक केलं, दोनदा वाढून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, बंद केलं तर चालेल ना, आर्विड? आता तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

यात आर्विडचा एकट्याचा दोष नव्हता. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात कुणीच कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला 'जेवण उरकून सवडीने ये' असं सांगणारी माणसं आम्ही.

"बाकीचे काय करत होते? एल्व्हिना?"

"ती तर उभीच राहिली! म्हणाली, 'हा वेगळाच विचार आहे हं.'"

आमच्या गावात एखाद्या गोष्टीला 'वेगळं' म्हटलं, की त्यापुढे शिवी उरत नाही. कर्टिस याच गावात वाढलेला, चर्चमधल्या खुद्द एल्व्हिनाच्या रविवारच्या वर्गात बसलेला. त्याला ते कळलं नसेल, हे शक्यच नाही. पण काउंटीचा पैसा वाचवायचा होता, म्हणून त्याने ते सोयीस्करपणे कानाआड केलं आणि 'छान, कुणाची हरकत नाही' म्हणून मोकळा झाला.

"अजून एक आहे," आर्विड पायमोज्यांकडे बघत म्हणाला. "पुस्तकं हलवायला माझा पिकअप देतो म्हटलं."

"काय?"

"त्याला जरा बरं वाटावं म्हणून. तर त्याने मलाच नेमलं. पुस्तकं लोकांना फुकट वाटायची. शेवटचं पुस्तक गेलं, की कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात द्यायची."

मार्लिस काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्याकडच्या घरांत नवरा-बायको बोलत नाहीत हे कळायलाच चार-आठ दिवस जातात. कॉफी मात्र ती देत होती. आमच्याकडे घटस्फोट झाला तरी कॉफी थांबत नाही. पण पेला ती त्याच्या हातात न देता टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायची.

वाटप सुरू झालं. वाचनालयाच्या दाराशी खुर्ची टाकून आर्विड बसला आणि मार्लिस आपल्या टेबलामागे, त्याच्याकडे पाठ करून. पहिल्या दिवशी कुणी पुस्तकाला हात लावला नाही. फुकटचं घेतलं तर लोक हावरट म्हणतील! आर्विडला हायसं वाटलं. असंच चाललं तर वाचनालय बंदच होणार नव्हतं.

तेवढ्यात एल्व्हिना काठी टेकत आली.

"काय रे, थंडीत बसलायस?"

"हो ना. पुस्तकं संपल्याशिवाय सुटका नाही," आर्विड सहज बोलून गेला.

"अरेरे! मग आधी नाही का सांगायचंस?"

झालं. आर्विडची अडचण आहे, त्याला मदत करायची आहे, ही बातमी गावभर पसरली. स्वतःसाठी कुणी काही घेणार नाही, पण शेजारधर्म म्हटल्यावर सगळे धावले. ज्यांच्याकडे गाय नव्हती त्यांनी गाईंच्या आजारांची पुस्तकं नेली. एल्व्हिनाने मोटारसायकल दुरुस्तीचे जाडजूड खंड उचलले. "तू काळजी करू नकोस हो," म्हणत लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि कपाटं भराभर रिकामी होत होती. आर्विड पांढराफटक पडून सगळ्यांना "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत होता. नको म्हणणार कसं?

शेवटी एकच पुस्तक उरलं. हिवाळ्यात मधमाश्या कशा सांभाळाव्यात यावरचं.

आणि तिथे सगळं अडलं.

कारण आमच्या गावात शेवटचं कुणी घेत नाही. ताटातली शेवटची वडी असो की टोपलीतला शेवटचा पाव, फार तर अर्धा तुकडा कापून घ्यायचा, अर्धा दुसऱ्यासाठी ठेवायचा. मग पुढचा माणूस त्या अर्ध्याचा अर्धा घेतो. अख्खं शेवटचं उचललेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

"तू घे ना, एल्व्हिना."

"छे, मी मेली कुठे मधमाश्या पाळते! तू घे."

"नको नको, कुणाला तरी लागेल."

ते पुस्तक अजून आहे का, हे बघायला लोक रोज येऊ लागले. रिकाम्या हाताने यायचं कसं, म्हणून कुणी कॉफी आणली, कुणी लिंबाच्या वड्या. वाचनालयात पुस्तकं होती तेव्हा इतकी गर्दी कधी झाली नव्हती. कर्टिसचे फोन येत राहिले. आर्विड दर वेळी "होईलच आता" म्हणायचा. शेवटी कर्टिस स्वतःच येऊन थडकला.

आत येताच त्याने टोपी काढली, सगळ्यांना नमस्कार केला आणि जुन्या सवयीने ट्रेमधली उरलेली वडी निम्मी कापून निम्मी तोंडात टाकली. मग तो आर्विडकडे वळला.

"हे पुस्तक उचल, कुलूप लाव आणि किल्ली दे."

"तूच घे ना. एवढ्या लांबून आलायस."

"मी? बरं, मीच घेतो!" कर्टिसचा हात खरोखरच पुढे गेला. खोलीतले सगळे पेले हवेत थांबले.

"घे हो, कर्टिस," एल्व्हिना गोड आवाजात म्हणाली. "तुझी आई आज बघायला नाही, हेच बरं."

हात चटका बसल्यासारखा मागे आला. कर्टिसचे कान लाल झाले. "आर्विड, तू घे," तो म्हणाला.

"नको, राहू दे."

"अरे घे."

"नको, खरंच नको."

"तिसऱ्यांदा सांगतोय. घे!"

दोनदा नको म्हणता येतं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यावंच लागतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आर्विडने मार्लिसच्या पाठीकडे पाहिलं. निदान आज तरी नाही म्हणायचं होतं त्याला. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "बरं."

मार्लिसने डोळे मिटले.

आर्विडने पुस्तक हातात घेतलं. मग खिशातून गाईगुरांचे दोर कापायचा चाकू काढला, पुस्तक मधोमध उघडलं आणि तो कण्यावरून वरपासून खालपर्यंत कर्रकन चालवला. कुणाच्या तरी हातून चमचा पडला. पानाचा कोपरा दुमडला तरी डोळे वटारणारी मार्लिस गर्रकन वळली. आर्विडने पुढचा अर्धा भाग काखेत मारला आणि मागचा अर्धा कपाटात नीट सरळ करून ठेवला.

"हे... हे काय केलंस?" कर्टिस कसाबसा म्हणाला.

"अर्धं घेतलं. शेवटचं अख्खं कसं घेणार?"

कर्टिसने खोलीभर पाहिलं. सगळे माना डोलावत होते. त्याने ट्रेमधल्या, स्वतःच निम्म्या केलेल्या वडीकडे पाहिलं. ओठांना अजून तिची साखर लागलेली होती. त्या साखरेच्या तोंडाने तो वाद तरी काय घालणार?

"मग... संपलं की कळवा," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर मार्लिस उठली. सगळ्यांच्या देखत ट्रेपाशी आली. उरलेली वडी तिने उचलली, अख्खी, आणि सरळ तोंडात टाकली. खोलीत श्वास अडकल्याचा आवाज झाला. एल्व्हिनाची कॉफी मांडीवर सांडली, तरी तिला कळलं नाही. मार्लिसने बोटं चाटली, आर्विडच्या काखेतला अर्धा भाग ओढून घेतला आणि त्यावर तारखेचा शिक्का धाडकन मारला.

"दोन आठवड्यांत परत आण," कित्येक दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली. "आणि पुन्हा चाकू लावलास तर याद राख."

"चालेल," आर्विड म्हणाला.

वाचनालय अजून चालू आहे. मदत म्हणून नेलेली पुस्तकंही लोक 'वाचून झालं' म्हणत एकेक करून परत आणून ठेवताहेत. पण गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलणं निघतं ते त्या वडीचं. मार्लिसच्या तोंडावर कुणी काही म्हणत नाही, ती पुढे गेली की फक्त आवाज खाली आणतात.

"वेगळीच बाई आहे हं," एल्व्हिना म्हणते.