माडीवरची माकडं

आमगावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल धनेंद्र कटरे याला भुतांची भीती वाटत नसे, रिकाम्या खुर्च्यांची वाटे. साल दोन हजार चौदा. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला होता आणि वाचनालयात पेपर वाचणारे चार म्हातारे तेवढे उरले होते. त्यातले दोन तर पंख्याखाली झोपायला येत. लोक मोबाईलवरच डोळे लावून बसणार असतील, तर तिथेच त्यांना काहीतरी वाचायला लावावं, असं धनेंद्रच्या मनाने घेतलं. जुन्या विलायती भयकथांचा ढीगच्या ढीग इंटरनेटवर फुकट पडलेला त्याला सापडला होता. पडके किल्ले, बंद खोल्या, धुक्यातली स्मशानं, आणि सगळं अर्ध्या तासात वाचून संपणारं. कुठल्याशा हौशी मंडळींनी त्यातल्या बऱ्याच गोष्टी मराठीतही उतरवल्या होत्या. धनेंद्रने चाळीस-एक वाचून काढल्या आणि मग त्याला राहवेना. चांगली गोष्ट वाचली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

दर सोमवारी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर तो एका गोष्टीची शिफारस लिहू लागला. वर नाव, मधे थोडक्यात कथानक, खाली ती फुकट वाचण्याचा पत्ता. तीन सोमवार गेले, पण फळ्यापुढे एक गाय सोडली तर कोणी थांबलं नाही. शेवटी समोरच्या पानठेल्यावरच्या चुन्नीलालला त्याने विचारलंच, की बाबा, तू तरी वाचलीस का.

"कोणच्या गावची गोष्ट व्हय जी ते?" चुन्नीलालने पानाला चुना लावत विचारलं.

"इंग्लंडची."

"मंग मले काय कराचं हाय? तिकडं ना आपला सोयरा, ना सासरवाडी. भूत असो का काही असो, गाव तं मालूम पाहिजे ना."

धनेंद्रला हे पटलं. आपल्याकडे माणूस मेल्याची बातमीही कोणत्या गावचा, कोणाचा जावई, हे कळल्याशिवाय पुढे सरकत नाही. मग भुतानेच काय घोडं मारलं आहे?

चौथ्या सोमवारी त्याने गोष्टीला गाव दिलं. मूळ कथेतली दगडी हवेली दवनीवाड्यात आली आणि बसमधून येता-जाता त्याने पाहिलेलं तळ्याकाठचं हिरव्या खिडक्यांचं दुमजली घर तिला मिळालं. बाहेरच्या गव्हाच्या शेताची धानाची बांधी झाली आणि बांधीत बाया रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करू लागल्या. कथा एवढीच, की एक भाऊ आपल्या विधवा बहिणीला वरच्या माडीत ठेवतो. भर दुपारी वरून ठकठक ऐकू येते आणि पाहुण्यांनी विचारलं, की घरचे म्हणतात, काही नाही, कबुतरं आहेत. धनेंद्रला कबुतरं काही जमली नाहीत. आपल्याकडे कौलांवर नाचतात ती माकडं. त्याने कबुतरांची माकडं केली आणि स्वतःवरच खूष होऊन तो दोनदा रस्ता ओलांडून फळा लांबून वाचून आला.

त्या आठवड्यात फळ्यापुढे गर्दी झाली. लोकांनी फोटो काढले, एकमेकांना पाठवले. खालचा पत्ता मात्र कोणी मोबाईलवर टाकून पाहिला नाही. गाव कळल्यावर पुढे वाचायची गरजच काय उरली? आता फक्त घर कोणाचं ते शोधायचं होतं, आणि ते दोन दिवसांत सापडलं.

गुरुवारी चुन्नीलालने बातमी दिली. बियाण्याच्या दुकानवाले मुन्नालाल आपल्या मुलासाठी, ओमेश्वरसाठी, दवनीवाड्याच्या जियालाल पटल्यांची मुलगी रविता करणार होते. पोरा-पोरीची पसंती झाली होती, येत्या रविवारी सगाई होती. फळा वाचून मुन्नालालने काल निरोप धाडला, की आम्हाला जमणार नाही.

"कोणते जियालाल?" धनेंद्रने विचारलं.

"ज्याहिच्या घरले हिरव्या खिडक्या हायेत, तेच. आता तुमाले नाही मालूम तं कोणाले मालूम?"

धनेंद्रने त्या माणसाचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. त्याने घर सुंदर दिसलं म्हणून उचललं होतं, आणि त्या घरात लग्नाची पोरगी असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने मूळ गोष्ट छापून काढली आणि तडक मुन्नालालचं दुकान गाठलं. हात जोडून सांगितलं, की ही कथा आहे, परदेशातली आहे, शंभर वर्षांपूर्वीची आहे, गाव मी माझ्या मनाने घातलं.

मुन्नालालने चष्मा लावून कागद शांतपणे वाचला. "याच्यात नावं तं दुसरीच हायेत."

"तेच तर म्हणतो. खरी नावं ही आहेत."

"पेपरातबी नावं बदलतेत. अब्रूची गोष्ट असली का बदलाच लागते. आन् इंग्लंडात रोवणा होते का जी? फळ्यावर तं बाया रोवणा करून राहिल्या होत्या."

"तो मी घातला."

"आन् माकडं?"

"तीही मीच."

मुन्नालालने कागद घडी करून परत दिला. मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की पोरगी पाहायला गेलो तेव्हा चहा पिता पिता वरून ठकठक झाली होती. मी विचारलं, तर जियालाल म्हणाले, माकडं आहेत. "फळा तं तुमी मंग लिहला. मी आपल्या कानानं आधीच ऐकलं हाय. आता सांगा, मी कोणावर विश्वास ठेवू?"

खोटं बोलून फसलेला माणूस त्याने पाहिला होता; खरं बोलून इतका फसलेला तोच पहिला.

दुसऱ्या दिवशी तो दवनीवाड्याला गेला. दार रवितानेच उघडलं. बी.ए. झालेली, सावळी, शांत मुलगी. त्याने नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "तुमी लिहलेला पत्ता मी मोबाईलवर टाकला होता, काका. पुरी गोष्ट वाचली. चांगली हाय."

महिनाभरात धनेंद्रला मिळालेली ती पहिली वाचक. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जियालाल आतून आले आणि त्याने माफी मागायच्या आधीच त्याला बोलू लागले. पोरीचं नशीब फोडलंस, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, असं बरंच काही. धनेंद्र मान खाली घालून ऐकत होता. त्यातला शब्दही खोटा नव्हता. तेवढ्यात वरून ठकठक झाली.

"माकडं," जियालाल सवयीने म्हणाले.

"बाबा, आता तरी राहू द्या," रविता म्हणाली, आणि धनेंद्रला माडीवर घेऊन गेली.

वर दाराला कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. खाटेवर जियालालची थोरली बहीण सुशिलाबाई बसली होती आणि चहा हवा म्हणून काठीने लाकडी जमीन ठोकत होती. आठ वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. तेव्हापासून जिना उतरणं बंद. तोंड फटकळ, पाहुण्यांपुढे काय बोलेल नेम नाही, म्हणून पाहुणे आले की तिचं नाव कोणी काढत नसे. जेवण वेळेवर वर यायचं, औषधं यायची. माणसं तेवढी येत नव्हती.

"तूच का तो लिहणारा?" तिने धनेंद्रला नीट न्याहाळलं. "पोरीनं वाचून दाखवलं मले. चूक लिहलं तू. मले कोणी कोंडलं नाही."

"चुकलं माझं, आत्याबाई."

"कोणी बोलावलंबी नाही," ती म्हणाली, आणि खिडकीतून तळ्याकडे पाहू लागली.

जियालाल जिन्यातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. धनेंद्रला फार वाईट वाटलं. आपलं खोटं पुसायला तो इथवर आला होता, आणि इथे ते अर्धंअधिक खरंच निघालं होतं.

पुढचं रविताने ठरवलं. पाहुण्यांना रविवारी बोलवा, सगाई होवो न होवो, पण आत्या खाली बसेल. जियालाल आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच शेजारच्या सुखरामला हाक मारली आणि दोघांनी बहिणीला खुर्चीत बसवून पायरी पायरीने खाली आणलं. सुशिलाबाई वाटभर सूचना देत होती.

मुन्नालाल ओमेश्वरला घेऊन आले. येणारच होते, गोष्टीतलं घर आतून पाहायची संधी आमगावात दुसऱ्या कोणाला मिळाली होती? धनेंद्र दाराजवळ चोरासारखा बसला होता. चहा आला, पण जियालालने कप हातात घेतला नाही. ते उभे राहिले.

"तवा माकडं नव्हती जी," ते म्हणाले. "माही बहीण होती. मी खोटं बोललो."

ओमेश्वर उठला आणि सुशिलाबाईच्या पाया पडला. ते पाहून मुन्नालालने घसा साफ केला आणि सांगितलं, की एवढीच गोष्ट असेल तर आमची काही हरकत नाही.

"माही हाय," सुशिलाबाई म्हणाली.

जियालालने डोळे मिटून घेतले. यासाठीच तर तिला वर ठेवलं होतं.

"तुमच्या घरले माडी हाय का?"

मुन्नालालचा चेहरा खुलला. सोयऱ्याने घराबद्दल विचारलं की कोणाचा खुलत नाही? "सध्या तं नाही, आत्याबाई. पण औंदा स्लॅब टाकून राहिलो. वरतं दोन मोठ्या खोल्या काढतो."

"कोणासाठी?"

"खाली आता सूनबाई येईन, येणंजाणं वाढन, गडबड होईन. म्हून वरतं मायसाठी... तिले तेवढीच शांती..."

वाक्य तिथेच थांबलं. ओमेश्वरने बापाकडे पाहिलं. रविता आतल्या दारात उभी होती, तिनेही पाहिलं.

"टाका स्लॅब," सुशिलाबाई म्हणाली. "पण वरतं तुमी राहा."

मुन्नालालने हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी ओमेश्वरला जवळ बोलावून सांगितलं, की गाडी काढ आणि घरी जाऊन आजीला घेऊन ये, ती आल्यावर सगाई करू.