गमबूट नंबर नऊ

नळाचे काम घरच्या घरी करावे, पण जिवाला जपून करावे, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. कराडचे हंबीरराव या बाबतीत साऱ्या गल्लीला आदर्श होते. १९७३ साली लष्करातून निवृत्त होऊन आले ते पान्हा, रबरी हातमोजे आणि नऊ नंबरचे गमबूट घेऊनच. प्लंबर बोलावणे त्यांना कमीपणाचे वाटे.

त्यांचे नियम कडक होते. मोरीत उतरताना गमबूट घालायचे, हातमोजे चढवायचे, पायाखाली कोरडा पाट घ्यायचा. घरातल्या बाकीच्यांनी मात्र अनवाणी यायचे, कारण देवाचे पाणी तिथेच भरत. (गमबूट हे पायताण नसून अवजार आहे, असा निर्णय हंबीररावांनी एकमताने घेतला होता.) बाकीचे म्हणजे त्यांची बायको, मुक्ताबाई.

नळाला पाणी करंगळीएवढे येई, म्हणून त्यांनी पाणी ओढणारी मोटर बसवली. मोटरीचा धक्का बसू नये म्हणून तिची अर्थिंगची तार स्वतः नळाच्या पाइपाला गुंडाळली. त्यामुळे बिघाड झालाच तर वीज मोटरीत थांबणार नव्हती. नळात येणार होती.

"आवं, नळाला हात लावला की मुंग्या येत्यात," मुक्ताबाई म्हणाल्या.

"पहाटंचं पाणी गार असतंय."

"गार न्हाई, चावतंय."

"नळाला दात असत्यात व्हय? रविवारी वायसर बदलतो."

रविवारी हंबीरराव बूट, हातमोजे, पाट अशा पूर्ण तयारीने उभे राहिले. कामाआधी खात्री करून घ्यावी, हाही नियम होताच. "बघ गं, पाणी आलंय का," ते म्हणाले.

मुक्ताबाईंनी ओल्या हाताने नळ धरला. हात सुटला नाही. हंबीररावांनी त्यांना ओढून बाजूला घेतले, तेव्हा हातमोज्यांमुळे स्वतः हंबीररावांना साधा झटकाही बसला नाही. मुक्ताबाई गेल्या होत्या.

माणसे भेटायला आली. शेजारचे दादासो म्हणाले, "बूट व्हतं म्हणून तुमी वाचला. न्हाईतर दोघंबी गेला असता." बसलेल्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाने या घटनेपासून बोध घेतला आणि महिन्याभरात गल्लीत अकरा जोड गमबूट आले. हंबीररावांचे बघून गल्लीत घरोघरी नळाला तार गुंडाळलेली होती; ती फक्त हंबीररावांनी तोडली. इतरांनी ठेवली. बूट असताना तार कशाला तोडायची?

एके दिवशी हंबीरराव नानासोंच्या दुकानात गेले. "पाच नंबरचं गमबूट हाय का?"

"पाच नंबर? ते बायकांचं माप, आबा. त्यास्नी कशाला गमबूट? त्या काय नळ दुरुस्त करत्यात?"

"न्हाई," हंबीरराव म्हणाले. "सोडत्यात."

नानासोंना ते कळले नाही. वाचकाला कळले असेल, तर त्याने घरात पहाटे नळ आधी कोण सोडते आणि तिच्या पायांत काय असते, एवढे बघून घ्यावे. त्यासाठी त्याला फक्त एक दिवस तिच्याआधी उठावे लागेल.