बिरू मास्तरांची पिवळी कुत्री

बिरू मास्तर चित्र काढण्याआधी झोपायचे. चांगले घोरून. मधल्या सुट्टीत टेबलावर आडवे व्हायचे आणि जाग आली की कुणाकडे न बघता थेट कागद गाठायचे. वाटेत कुणी "नमस्कार मास्तर" म्हटलं की संपलंच. "घालवलंसा! आलेलं समदं घालवलंसा!" असं ओरडत ते पुन्हा टेबलावर चढायचे. एकदा हे हेडमास्तरांनाही ऐकावं लागलं.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. तासगावजवळच्या हायस्कूलात मी गणित शिकवायचो, ते चित्रकला. मूळचे कवठे महांकाळकडचे, मेंढपाळाच्या घरातले. पोरांना माठ-पेला बिनचूक शिकवत, पण स्वतः समोरची वस्तू कधी काढत नसत.

"समोरचं काय काढायचं? ते हायच की. आपुन झोपलो की आतलं वर येतंय, ते काढावं."

"पण त्याचा अर्थ?"

"हाताला ठावं. मला कशाला इचारता?"

एकदा शाळेला बडे पाहुणे येणार होते. संस्थेचे अध्यक्ष आबा द्राक्षबागायतदार. त्यांनी पुढच्या भिंतीवर चित्र सांगितलं: ट्रॅक्टर, द्राक्षाचा मांडव आणि हसरा शेतकरी. मास्तर "बघू" म्हणाले आणि भिंतीसमोर घोंगडं टाकून तीन दुपारी झोपले. चौथ्या दिवशी भिंतीवर एक पिवळी कुत्री उभी राहिली. बैलाएवढी. पोटाखाली मुठीएवढं पोर. भोवती नुसतं काळं, त्यावर पांढरे ठिपके. मी समजलो, चांदण्या असतील.

आबा जीपमधून उतरले.

"मास्तर, ट्रॅक्टर कुठं हाय?"

"आला न्हाई."

"आला न्हाई म्हंजे?"

"तीन दिस वाट बघितली की. हीच आली."

आबांनी चुना मारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिपाई बादली घेऊन गेला, तर मास्तर भिंतीला पाठ लावून उभे. "मार. आदी मला मार, मग हिला." हेडमास्तरांनी नोकरीची आठवण करून दिली. "नोकरी घ्या. भिंत न्हाई मिळायची." मी बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, एका कुत्र्यापायी कशाला?" त्यांनी मला वर-खाली बघितलं. "गणितवाले, तुमची उत्तरं पुस्तकाच्या मागं छापलेली आसत्यात. माझी न्हाईत." दोन दिवस ते शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत तिथंच उभे. डबाही उभ्यानंच.

मास्तरांची नोकरी चालली, असा निरोप कुणीतरी गावाकडे धाडला. तिसऱ्या दिवशी त्यांची म्हातारी आत्या एस्टीनं आली, चांगली खडसवायच्या तयारीनं. भिंत दिसली आणि ती थेट चित्रापाशी गेली.

"बिरू, तुला आठवतंय व्हय रं हे?"

"काय?"

तेवढ्यात आबाही येऊन उभे राहिले. म्हातारीनं सगळ्यांदेखत सांगितलं. बिरू दोन वर्षांचा असताना वादळात मेंढरं पांगली आणि धावपळीत पोर माळावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी सापडलं, ते कळपाच्या कुत्रीच्या पोटाशी.

"ह्ये पांढरं ठिपकं म्हंजी गाराच की रं! समद्या तिनं पाठीवर घेतल्या. चुलत्यानं तुला वडून काढलं तर त्येचा चावा घेतला. कुत्रीनं न्हवं, तू."

शिपाई फिसकन हसला. आबांनी बादलीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि हेडमास्तरांना म्हणाले, "पाहुण्यास्नी मागच्या फाटकानं आणा."

मास्तर जिंकले होते. एरवी त्यांनी शाळा डोक्यावर घेतली असती. पण त्यांनी हळूच विचारलं,

"पुढं काय झालं तिचं?"

"चार दिस जगली. तू लय रडायचास, म्हून पुन्हा तुझ्याम्होरं तिचं नाव कुणी काढलं न्हाई."

"नाव काय हुतं?"

आत्या बराच वेळ आठवत राहिली. "न्हाई बाबा, आता ध्येनात न्हाई."

मास्तरांनी मान हलवली. मग ते भिंतीकडे वळले आणि पोरं, शिपाई, आबा, सगळे बघत असताना त्या पिवळ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.